सड्यावरची उभी माणसं

तळकोकणात निवेखोल नावाचं एक गाव आहे. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा मोठा सडा आहे, म्हणजे उघडंबोडकं पठार, नजर पोचेल तिथवर नुसतं तांबूस काळं कातळ. या सड्याच्या कड्याशी, खालच्या नदीकडे तोंड करून, माणसं उभी असतात. नदीपलीकडून बघणाऱ्याला वाटावं, वर कसली तरी सभा भरली आहे आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत. बायकांनी डोक्यावरून पदर घेतलेले, पुरुषांच्या मुंडाशांचे शेमले वाऱ्यावर हलणारे. माणसं मात्र हलत नाहीत. जवळ गेलं की कळतं, दगडावर दगड रचून पुरुषभर उंचीचे खांब उभे केले आहेत आणि त्यांना माणसांची वापरातली लुगडी-धोतरं नेसवली आहेत.

अलीकडे ही जागा बघायला लांबलांबून लोक येतात. जगातल्या भयाण जागा शोधत हिंडणारी माणसं असतात ती. कुणी झाडांना बाहुल्या टांगलेलं बेट बघून आलेला असतो, कुणी माणसांच्या हाडांनी भिंती मढवलेलं चर्च. इथे आल्यावर ती आधी हसत-बोलत फोटो काढतात आणि थोड्या वेळानं, कुणी न सांगता, हळू आवाजात बोलू लागतात. त्यांना वर घेऊन जातात बाबाजी घाडी. गावाच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं घालण्याचा मान घाड्यांच्या घराकडे आहे, आणि ही हकिगत सांगण्याचाही. बाबाजी पाहुण्यांना कातळावर खाली बसवतात, पाण्याचा तांब्या फिरवतात आणि सगळ्यांचं पिऊन झाल्यावरच तोंड उघडतात.

ते सांगतात ते असं.

फार जुना काळ. नदीवर पूल नव्हता, गावात वैद्य नव्हता. एका चैत्रात निवेखोलात पटकी शिरली. सकाळी पेज पिऊन शेताला गेलेला माणूस दिवेलागणीपर्यंत घरात आडवा झालेला असायचा. जुलाब, वांत्या, हातापायांत गोळे, आणि डोळे बघता बघता खोल जायचे. एकेका घरातून दोन दोन माणसं उचलावी लागली. तिरडी बांधायला गेलेला माणूस घरी येऊन पडायचा, म्हणून पुढे पुढे तिरडीलाही कुणी येईनासं झालं.

गावात परटाचं एकच घर होतं, धोंडू आणि त्याची बायको येसू यांचं. पदरात एक तान्ही मुलगी. गावाचे कपडे नदीवर नेऊन धुवायचे आणि घरोघरी पोचते करायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यामुळे येसूला गावातलं माणूस तोंड न बघताही ओळखता यायचं. कुणाच्या लुगड्याचा काठ कुठे विरलाय, कुणाच्या धोतराला कुठे ठिगळ आहे, हे तिच्या बोटांना पाठ होतं. पटकीच्या दिवसांत आजाऱ्यांचे कपडेही याच घरी आले. दुसरं कुणी त्यांना हात लावायला धजत नव्हतं. नवरा-बायकोंनी ते धुतले, आणि लोक त्यांच्याकडे जरा लांबूनच बघू लागले.

गावाचा प्रमुख होता अंतोजी गावकर. माणूस वाईट नव्हता, असं बाबाजी आवर्जून सांगतात. त्याचा पाठचा भाऊ त्याच्या मांडीवर गेला होता आणि म्हातारी आई अंथरुणाला खिळली होती. त्यानं धडधाकट उरलेल्यांना देवळात बोलावलं आणि मनात आलं ते सांगून टाकलं. गाव सोडायचं. नदी उतरून पलीकडच्या माळावर खोपी घालायच्या. आजाऱ्यांना बरोबर नेलं तर आजारही बरोबर येणार, तेव्हा त्यांना सड्यावर मांडव घालून ठेवायचं. वर वारा मोकळा आहे, कातळातल्या कोंडीत, म्हणजे दगडी डबक्यात, पाणी आहे. साथ निवली की त्यांना उतरवून आणायचं. माझी आईही तिथेच राहील, असं तो म्हणाला, आणि बेत ठरला.

पण वर राहून त्यांना पाणी पाजायचं कुणी? देवळात सगळे खाली बघत बसले. नंतर एकेकाची नजर उठली आणि कुणी नाव न घेताच धोंडूवर जाऊन थांबली. आजाऱ्यांचे कपडे हाताळलेला माणूस तो. असाही तो कुणाला जवळ नकोच होता.

येसू दाराशी मुलीला घेऊन उभी होती. तिला वाटलं, हा आता नाही म्हणेल. धोंडू उठला.

"मी ऱ्हवतंय," तो म्हणाला. "पण आमका न्हेवक येवा."

न्यायला येऊ, असं अंतोजीनं देवीच्या उंबऱ्यावर हात ठेवून कबूल केलं. त्यावर धोंडूनं आणखी एक गोष्ट सांगितली. नदीपलीकडून कडा दिसतो. रोज सकाळी तो आजाऱ्यांना आधार देऊन कड्याशी उभं करील, म्हणजे आपलं माणूस आहे हे ज्याचं त्याला कळेल.

"जो दिसाचो नाय," तो म्हणाला, "तेच्या नावान आंघोळ करा."

येसूला नवऱ्याबरोबर वर राहायचं होतं. पण अंगावर पिणारं मूल घेऊन त्या मांडवात कसं राहायचं? धोंडूच नको म्हणाला. मुलीच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला नाही, धोतराला दोनदा पुसला आणि मागे घेतला. "चेडवाक सांभाळ," एवढंच म्हणाला. लेकीला जप. आजाऱ्यांना डोल्यांत घालून वर पोचवलं आणि निवेखोल नदी उतरून गेलं. मागे वळून बघायचं नाही असं ठरलं होतं. येसूनं पाण्याच्या मधोमध थांबून वर बघितलं. कड्याशी सगळे उभे होते. कुणी हात हलवत नव्हतं.

पलीकडच्या माळावर खोपी पडल्या. तिथलं पाणी वेगळं म्हणून म्हणा, देवीची कृपा म्हणून म्हणा, पटकी नदी ओलांडून आली नाही. सकाळ झाली की सगळा गाव काठावर येऊन वर बघायचा. आपली आई, आपला भाऊ, आपली सून. कपड्याच्या रंगावरून जो तो आपलं माणूस हुडकायचा. ज्यांना लांबचं दिसत नसे ते येसूला विचारत, आणि ती कपडे ओळखून सांगत असे. अंतोजीची आई तिच्या हिरव्या लुगड्यात डाव्या अंगाला उभी असायची. ती दिसली की अंतोजी नमस्कार करायचा आणि दिवसाच्या कामाला लागायचा.

वर जेवण पोचवायचं काम येसूकडे होतं. पाखाडी, म्हणजे सड्यावर जाणारी दगडी पायवाट, अर्ध्यावर आली की तिथे एक सपाट दगड होता. त्यावर भाताचं मडकं ठेवायचं, हाळी द्यायची आणि मागे फिरायचं. त्याच्या वर जायचं नाही, अशी तिला ताकीद होती. दुसऱ्या दिवशी मडकं धुऊन पालथं घातलेलं असे. धुण्याची ती तऱ्हा तिच्या ओळखीची होती. पालथ्या मडक्यावर हात ठेवून ती जराशी उभी राहायची आणि खाली यायची.

असे बरेच दिवस गेले. पलीकडे कुणाच्या नावानं आंघोळ करायची वेळ आली नाही. एकही माणूस कड्यावरून कमी झालं नाही. उलट, सकाळी थोडा वेळ उभी राहून मांडवात जाणारी माणसं हळूहळू दुपारपर्यंत उभी दिसू लागली, मग तिन्हीसांजेपर्यंत. लोकांना आनंद झाला. बरी होताहेत, पायांत बळ आलं, असं ते एकमेकांना सांगू लागले. आता आणायला जायला हवं, असंही म्हणू लागले. पण कुणी म्हणालं अजून थोडं थांबू, कुणी म्हणालं अमावास्या जाऊ द्या. नव्या माळावर कुणी वेल लावले, कुणी गोठा बांधला. वरची माणसं उभी होतीच. रोज दिसत होतीच.

येसूला मात्र ते बघवेना. तिनं एक गोष्ट हेरली होती, आणि ती कुणाला सांगितली नव्हती. टळटळीत दुपारी, कातळ तव्यासारखं तापतं तेव्हा, आजारी माणूस पदर सावरतं, पाय बदलतं, खाली बसतं. वरचे पदर वाऱ्यानं हलत होते, पण सावरायला हात येत नव्हता. त्या रांगेमागे फक्त एकच माणूस ये-जा करताना दिसे. तो धोंडू होता. त्याची चाल ती कोसावरून ओळखत होती.

मग एका सकाळी मडकं होतं तसं सापडलं. भाताला कावळ्यांनी चोची मारल्या होत्या. तिनं हाळी दिली, उत्तर आलं नाही. खाली येऊन नदीपलीकडून बघितलं तर रांगेत शेवटी धोंडू उभा. तो हलत नव्हता. दुसऱ्या दिवशीही मडकं तसंच, आणि धोंडूही तसाच.

तिनं अंतोजीला जाऊन सांगितलं. वर कुणी जेवत नाही, माणसं पाठवा. अंतोजीनं तिच्याकडे बघितलं नाही. कड्याकडे बघत तो म्हणाला,

"उबी दिसतत मा सगळी? मगे जेवतत."

उभी दिसताहेत, म्हणजे जेवत असतील. त्यालाही कळलं असावं. पण माणसाला जे बघायचं नसतं, ते तो रोज समोर असूनही बघत नाही, असं बाबाजी म्हणतात आणि पाहुण्यांच्या तोंडाकडे न बघता पुढे जातात.

येसूनं मुलगी शेजारणीच्या ओटीत दिली आणि ती एकटी नदी उतरली. सपाट दगड आला, तिथे ती थांबली नाही.

ती वर पोचली तेव्हा भर दुपार होती. सड्यावर चिटपाखरू नव्हतं. माणसं तिच्याकडे पाठ करून रांगेत उभी होती. तिनं धोंडूला हाक मारली. कुणी वळलं नाही. तिनं एकेकाला नावानं हाक मारली, काकू, मामा, भावजी असं म्हणत. वाऱ्यावर कपडे फडफडले तेवढेच. शेवटी ती हिरव्या लुगड्यामागे गेली आणि अंतोजीच्या आईच्या खांद्यावर हात ठेवला. हाताखाली दगड होता, उन्हानं चटका देणारा.

पदर वाऱ्यानं उडू नये म्हणून करवंदीच्या काट्यानं टाचला होता. निऱ्या एकसारख्या घातल्या होत्या. येसू रांगेतून चालत गेली. सगळे कपडे तिच्या ओळखीचे होते, आणि सगळे स्वच्छ धुतलेले होते. एकाही कपड्यावर आजाराचा डाग नव्हता.

माणसं मांडवामागे होती. लाकूडफाटा नव्हता, म्हणून धोंडूनं त्यांना कातळाच्या खोलगट घळीत निजवून वर दगड लोटले होते. प्रत्येकाच्या उशाला पाण्याची करवंटी ठेवली होती. पाणी आटलं होतं. जो जाईल त्याला त्यानं निजवलं, त्याचे कपडे धुतले, त्याच्या उंचीचा दगड रचला आणि त्याला कड्याशी उभं केलं. एकट्यानं. खालचे आपलं माणूस बघून हात जोडत होते, तेव्हा तो इथे दगड वाहत होता.

त्यानं असं का केलं? कुणी म्हणतात, माणसं मेली हे कळलं असतं तर गाव कधीच वर आलं नसतं, म्हणून. कुणी म्हणतात, आधीच पोळलेल्या माणसांना तो आणखी रडवू इच्छित नव्हता. येसूला काय वाटलं, ते तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

ती रांगेच्या शेवटाला आली. तिथल्या दगडावर धोंडूचं धोतर होतं, त्याची बंडी होती, त्याचं मुंडासं होतं. तिला वाटलं, शेवटी अंगात त्राण होतं तोवर त्यानं स्वतःचाही दगड रचून ठेवला असेल आणि कुठेतरी आडवा झाला असेल. तिनं मांडवात बघितलं, घळीत बघितलं, कोंडीपाशी जाऊन बघितलं. कोंड कोरडी ठाक होती, तळाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. कड्याखाली वाकून बघितलं. धोंडू कुठेच नव्हता.

ती परत आली आणि तिनं धोतराला हात लावला. ते ओलं होतं. टोकावरून पाणी ठिबकत होतं आणि खालचं कातळ त्या उन्हातही वाळत नव्हतं.

येसू त्या दगडाच्या पायाशी बसून राहिली. उन्हं कलली तशी उठली आणि नदी उतरून गावात आली. सगळे जमले. वर कुणी जिवंत नाही, असं तिनं सांगितलं. अंतोजी ताडकन उठला. माझी आई आज सकाळी उभी होती, मी या डोळ्यांनी बघितली, असं तो म्हणाला.

"गावकरानू," येसू म्हणाली, "मी तुमच्या आवशीच्या खांद्यार हात ठेवन इलंय. आता तुमी ठेवा."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव सड्यावर चढलं. अंतोजी सर्वांत पुढे होता. त्यानं हिरव्या लुगड्यावर हात ठेवला आणि तिथेच खाली बसला. लोक आपापल्या माणसाच्या दगडाला धरून रडू लागले. बऱ्याच वेळानं अंतोजी सावरला. घळीतल्या माणसांना अग्नी द्यायचा, कपडे उतरवून तेही जाळायचे, म्हणजे सगळ्यांची सुटका होईल, असं त्यानं ठरवलं. आईच्या पदराचा काटा काढायला त्यानं हात पुढे केला.

तोच कोंडीकडून आवाज आला. धप्प. धप्प. दगडावर ओला कपडा आपटल्याचा आवाज.

अंतोजीनं हात मागे घेतला. आवाज थांबला. त्यानं पुन्हा काट्याला हात घातला. पुन्हा धप्प, धप्प, मध्ये दम घ्यायला थांबणं, आणि पुन्हा धप्प. तो आवाज गावात कुणाला अनोळखी नव्हता. सगळ्यांनी तो जन्मभर नदीवरून ऐकला होता. येसूला तर मध्ये घेतलेला श्वासही ओळखू आला. काही जण कोंडीपाशी धावले. तिथे कुणी नव्हतं. पण कोरड्या कोंडीतला एक दगड ओला होता, आणि त्याच्याभोवती पाण्याचे ताजे शिंतोडे उडालेले होते.

अंतोजीनं काटा होता तसा टोचून ठेवला. मग जन्मात पहिल्यांदा त्यानं परटाच्या बायकोला विचारलं, आता काय करायचं?

येसूनं सांगितलं ते आजवर गावाचं बोलणं होऊन राहिलं आहे. माणसांना अग्नी द्या, ते त्यांचं आहे. कपडे राहू द्या, ते आपल्यासाठी आहेत. तो आपल्याला न्यायला या म्हणाला होता आणि आपण नुसतं बघत बसलो. आता दरवर्षी चैत्रात वर यायचं. धुतलेले कपडे आणायचे, जुने उतरवून नवे नेसवायचे, आणि प्रत्येकानं आपल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून बघायचं. निवेखोलात पुन्हा कधी दुखणाईत माणसाला एकट्याला सोडायचं नाही. अंतोजीनं देवीच्या उंबऱ्यावर पुन्हा हात ठेवला. या वेळी, म्हणे, तो रडत होता.

त्या दिवशी सगळ्या गावानं नदीत उतरून मेलेल्यांच्या नावानं आंघोळ केली. येसू एकटी मुलीला घेऊन कोरड्या अंगानं काठावर बसून राहिली. तिनं कुंकू पुसलं नाही. पुढे गाव नदी उतरून आपल्या जुन्या घरांत परतलं. लेक मोठी झाल्यावर तिनं आईला विचारलं, बाबा गेला ना गं? तेव्हा येसू म्हणाली, मेलेल्याचं धोतर ओलं राहतं का?

ती खूप म्हातारी होऊन गेली. दर चैत्रात वर जायची, धोंडूच्या दगडाला आपल्या हातानं कपडे नेसवायची. आदल्या वर्षी नेसवलेले कपडे ओलेच मिळायचे. शेवटच्या दुखण्यात तिच्या उशापासून माणूस हलला नाही. एक उठला की दुसरा बसायचा. गावकरांच्या घरातल्या बायकांनी तिचे पाय चेपले. तुझाही दगड धोंडूशेजारी उभा करू, असं त्यांनी तिला सांगितलं, तेव्हा तिनं मान हलवून नको म्हटलं.

"मी थंय नव्हतंय," ती म्हणाली.

मी तिथे नव्हते. हे तिचे शेवटचे शब्द, असं सांगतात. गावानं तिचं ऐकलं. सड्यावर येसूचा दगड नाही.

इथवर आलं की बाबाजी घाडी उठतात आणि पाहुण्यांना रांगेच्या शेवटी घेऊन जातात. आजही निवेखोलात आजारी माणसाच्या उशाशी कुणी ना कुणी बसलेलं असतं. मुंबईला गेलेला मुलगासुद्धा घरून तसा निरोप आला तर हातातलं काम टाकून येतो. आजही चैत्रात घराघरांतून धुतलेले कपडे वर जातात आणि प्रत्येक दगडाला नेसवले जातात. फक्त धोंडूच्या दगडासाठी कुणी काही नेत नाही. येसू गेली त्याच्या पुढच्या चैत्रात लोक त्याच्यासाठी धोतर घेऊन वर गेले, तर दगड आधीच नवं धोतर नेसून उभा होता. तेव्हापासून दरवर्षी तसंच होतं. येसू होती तोवर त्या धोतरातून पाणी ठिबकायचं. आता ठिबकत नाही. हाताला नुसती ओल लागते, आणि कापडावर घट्ट पिळल्याच्या आडव्या सुरकुत्या असतात.

लांब धोतर असं पिळायचं, तर दोन टोकांना दोन माणसं लागतात.